पान उलटणारा हात

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सत्तर वादकांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या डाव्या हाताने त्याला न विचारता एक काम केले. सिंफनीचा संथ भाग चालू होता. व्हायोलिने, घरात कोणी आजारी असावे तशी, चवड्यांवर चालत होती. त्याच्या उजव्या हातातील छडी चार-चार ठोक्यांची मापे शांतपणे मोजून देत होती. डाव्या हाताने या ठिकाणी स्वस्थ राहायचे होते. तो एकाएकी पुढे गेला, किंचित उजवीकडे वळला, हवेतील कोणत्या तरी वस्तूचा कोपरा चिमटीत धरल्यासारखा झाला आणि डावीकडे परत आला. एवढेच. निमिषार्धाचे काम. परंतु मागच्या रांगेत ट्रम्पेटवाल्या बाई चौसष्ट मापे मौन बाळगून पासष्टाव्या मापाची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी तो हात पाहिला, आपल्याला इशारा झाला असे त्या समजल्या, आणि त्यांचा लखलखीत सूर तीन मापे आधीच, लाथेने दार उघडून आल्यासारखा, त्या आजाऱ्याच्या खोलीत घुसला.

"काय बाई, कुठे निघालात एवढ्या घाईनं?" तो म्हणाला. हशा पिकला.

"तुम्ही हात दिलात, सर."

"मी? छे. मी नाही दिला."

"दिलात. डावा."

"मोजायला चुकलात तर तसं म्हणा ना. माणूस चुकतो. त्यात काय एवढं!"

बाईंनी ट्रम्पेट मांडीवर उभे केले. गेली बारा वर्षे त्या त्या खुर्चीवर बसत होत्या, घरी त्यांना दोन मुली होत्या, आणि आजवर त्यांनी कोणाशी वाद घातलेला कोणी ऐकला नव्हता. "मी एकसष्ट मोजले होते," त्या म्हणाल्या. "तुमचा हात आला म्हणून मला वाटलं, मीच चुकले. हरकत नाही. संध्याकाळी मी बोटांवर मोजीन. तुमच्याकडे बघणार नाही." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. दुकान किती वाजता बंद होते ते सांगावे तशा म्हणाल्या. आणि म्हणूनच ते वाक्य त्याच्या छातीत काट्यासारखे रुतून बसले.

एक वाजता सराव संपला. कार्यक्रम साडेसहाला होता. आपल्या खोलीचे दार लावून घेऊन तो आरशासमोरच्या खुर्चीवर बसला. वाद्यवृंदात संचालक हा एकच इसम असा असतो, की ज्याच्याकडून कोणताही आवाज निघत नाही. बाकी सर्वांपाशी पितळ आहे, लाकूड आहे, तार आहे, कातडे आहे. त्याच्यापाशी फक्त लोकांचे डोळे. ते डोळे कागदावरून उचलून त्याच्याकडे लागतात तोवर तो संचालक. ते खाली वळले, की हवेत हात मारणारा एक वयस्कर गृहस्थ. एकशे चाळीसांपैकी दोन डोळे आज वळले होते. उद्या चार वळतील. आणि बाईंनी आपल्या मोजणीपेक्षा त्याच्या हातावर अधिक विश्वास ठेवला, स्वतःलाच चुकीचे ठरवून त्या धावत आल्या, आणि त्याने सर्वांसमक्ष त्यांच्या तोंडावर दार लावले, हा विचार मनात येताच त्याने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे मात्र दुसरेच काही उभे राहिले, ज्याला तो बाईंच्या अपमानापेक्षाही अधिक भीत होता. त्याच्या वडिलांचा हात.

वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. शिडीवर चढून, डाव्या मनगटाखाली काठी टेकवून, ते एका दमात असे अक्षर ओढीत की खालून जाणारी माणसे थांबून बघत. लहानपणी शहरातील निम्मा रस्ता तो वडिलांच्या अक्षरांतच वाचायला शिकला. मग एका वर्षी एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर एक आडवी रेघ मध्येच कापली. वडील म्हणाले, ब्रश वाईट आला. पुढच्या महिन्यात म्हणाले, रंग पातळ झाला, शिडी हलते, ऊन डोळ्यांवर येते. सहा महिने ते जगातील प्रत्येक वस्तूवर दोष ठेवीत राहिले, आणि हाताचे नाव त्यांनी एकदाही काढले नाही. शेवटी औषधवाल्याने ती पाटी दुसऱ्याकडून रंगवून घेतली, आणि घरात कोणी त्या रस्त्याने जाईनासे झाले. आज त्याने वेगळे काय केले होते? वडिलांनी ब्रशवर ढकलले, त्याने बाईंवर ढकलले. तोही आता एकसष्ट वर्षांचा होता. त्याने डावा हात टेबलावर ठेवला आणि एखाद्या पाहुण्याकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहत राहिला. हात मुळीच थरथरत नव्हता. निमूटपणे पडून होता. परंतु सकाळीही तो अकरा वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत असाच निमूट होता.

फोन वाजला. बायको होती.

"जेवलात?"

"मन नाही."

"आवाज कुठे ठेवून आलात? काय झालं?"

त्याने सांगितले. थोडे सांगितले, थोडे गिळले.

"हात थरथरतोय का?"

"नाही. न विचारता हलला."

"अहो, तुमचं तोंड एकतीस वर्षं न विचारता हलतंय, आम्ही कधी काही बोललो का?" ती म्हणाली. त्याला हसू आले नाही, हे तिला पलीकडून कळले. तिचा स्वर बदलला. "बाबांचं डोक्यात घेऊन बसू नका. त्यांचा हात मी पाहिलाय. तो हलायचा तेव्हा थांबायचा नाही. तुमचा एकदा हलला ना? मग कशासाठी हलला ते बघा आधी. आणि हो, ती व्हायोलिनची पेटी पलंगाखालून काढा एकदाची. रोज झाडू आपटतो तिच्यावर. वाजवायची नसेल तर सांगा, मी तिच्यात स्वेटर ठेवते."

कशासाठी हलला. हे त्याच्या मनात आलेच नव्हते. कसा हलला, कशामुळे हलला, पुन्हा हलेल काय, याच फेऱ्यांत तो गरगरत होता. तो उठून आरशासमोर उभा राहिला, तो भाग मनात सुरू केला, आणि बासष्टाव्या मापाशी येऊन हाताला मुद्दाम मोकळे सोडले. हात गेला. पुढे, उजवीकडे, चिमूट, डावीकडे. अगदी तसाच. पण या वेळी त्याची नजर हातावर नव्हती, आरशातील संपूर्ण माणसावर होती. आणि त्याने पाहिले की हात निघण्याच्या जरा आधी त्या माणसाची हनुवटी डावीकडे कलली, डावा खांदा उचलला गेला, आणि त्या दोहोंच्या मध्ये त्याने काहीतरी घट्ट दाबून धरले. तेथे काहीही नव्हते. परंतु ज्याने पस्तीस वर्षे हनुवटीखाली व्हायोलिन धरले त्याला त्या रिकाम्या जागेचा आकार ओळखता येणार नाही काय? हात सुटा करायचा, पण वाद्य पडू द्यायचे नाही; म्हणून ते हनुवटीखाली दाबायचे, आणि डाव्या हाताने समोरच्या स्टँडवरचा स्वरलिपीचा कागद उलटायचा. त्याचा हात पान उलटत होता.

तो खुर्चीवर बसला. तेवीस वर्षांचा असताना तो या वाद्यवृंदात दाखल झाला, तो दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या जोडीत, भिंतीला पाठ लावून. दोघांत एक स्टँड असतो. बाहेरच्या, म्हणजे श्रोत्यांकडच्या, बाजूस बसणारा वाजवीत राहतो, आतल्या बाजूस बसणाऱ्याने पान उलटायचे, आणि उलटताना जे दोन-तीन सूर हुकतील त्यांवर पाणी सोडायचे. घरी आत्या सर्वांना सांगे, "आमचा भाचा ऑर्केस्ट्रात आहे, पानं उलटतो", आणि पुढे तो संचालक झाला तेव्हा तीच आत्या कपाळाला हात लावून म्हणाली होती, "एवढं वाजवून शेवटी कंडक्टर? कोणत्या बसवर?" त्याच्या उजव्या हाताला, बाहेरच्या खुर्चीत, एक गृहस्थ बसत. त्यांचे टोपणनाव होते खोडरबर. नवीन कागद हाती आला की ते आधीच्या वादकाने पेन्सिलने केलेल्या साऱ्या खुणा, गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली, कुठे दम धरायचा, त्या सगळ्या पुसून काढीत, फुंकर मारीत, आणि म्हणत, "दुसऱ्याच्या खुणांवर वाजवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचणं. डोकं दुखतं." काम संपले की ते स्वतःच्या खुणाही पुसत. कागद आला तसा परत जाई.

आणि त्या पहिल्याच वर्षी ही सिंफनी होती. हीच. भर कार्यक्रमात, याच संथ भागात, त्याने दोन पाने एकदम उलटली. दोघांचेही गज पुढच्या भागातील एका दणदणीत सुरावर पडले, आणि एवढ्या मोठ्या शांततेत भिंतीपाशी कोणीतरी किंचाळल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या साहेबांनी, म्हणजे त्या वेळच्या संचालकांनी, छडी खाली ठेवून विचारले, "काल मागून कोण ओरडलं?" नोकरी कच्ची होती, वर्ष पुरे व्हायचे होते. त्याने तोंड उघडण्यापूर्वी शेजारून आवाज आला, "मी, साहेब. पानं चिकटली होती. मीच उलटायला गेलो." बाहेरचा वादक पान कधीच उलटत नाही, हे तेथील खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होते. साहेबांनी एकदा खोडरबरकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "बरं." मग कोणीतरी बूट जमिनीवर घासला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी; हातांत वाद्ये असल्यामुळे वादकांना टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून सोबत्याने काही चांगले केले की ते असे बूट घासतात. त्याने मात्र स्वतःच्या बुटांकडे पाहत मूग गिळले. सराव संपल्यावर कागद परत करायचे होते. खोडरबरने नेहमीप्रमाणे सर्व खुणा पुसल्या, फुंकर मारली, आणि मग, जे त्यांनी कधीच केले नव्हते, ते पेन्सिल घेऊन एका पानाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहू लागले.

"काय लिहिताय?"

"पुढच्यासाठी आहे. तुझ्या कामाचं नाही."

त्याला वाटले, आपल्या चुकीची नोंद होते आहे. त्याने वाकून पाहिले नाही. पुढच्या हंगामात त्याला दोन स्टँड पुढे बसवले. मग तो एकेक खुर्ची पुढे सरकत गेला. पहिल्या व्हायोलिनांत आला, त्यांचा म्होरक्या झाला. एके दिवशी थोरले साहेब सरावात म्हणाले, "जरा माझ्या जागी उभा राहा, मी मागून ऐकतो कसं वाटतं," आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तो भाग संपला तरी उठले नाहीत. "चालू ठेव," एवढेच तेथून म्हणाले. अशा रीतीने तो संचालक झाला. एवढ्या वर्षांत खोडरबर निवृत्त झाले, गावाला गेले, आणि एका हिवाळ्यात ते गेल्याची बातमी आली. त्यांना तो एकदाही म्हणाला नाही, की चूक माझी होती. सतरा वर्षे संचालक असून त्याने ही सिंफनी घेतली नाही. कधी वादक कमी आहेत म्हणे, कधी हंगाम लहान आहे म्हणे. यंदा ती घ्यावीच लागली, तेव्हा त्याने ती तोंडपाठ केली. समोर कागद ठेवू दिला नाही. लोक म्हणाले, काय हा स्मरणशक्तीचा चमत्कार! खरे कारण त्यालाही आज दुपारी, दोन वाजता, आरशासमोर कळले. पान नको म्हणून.

रंगमंचावर कोणी नव्हते. खुर्च्या अर्ध्या वळलेल्या, स्टँडवर कागद मिटून ठेवलेले. तो आपल्या चौथऱ्याला वळसा घालून मागे गेला आणि दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या जोडीत, आतल्या खुर्चीवर बसला. येथून चौथरा केवढा लांब दिसत होता! कागद तेच जुने होते. कडा मऊ, पोतेऱ्यासारख्या झालेल्या. त्याने संथ भाग काढला. पान अजूनही चिकटत होते. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात, बोटांच्या मळाने काळवंडलेल्या जागी, ते बारीक, मागे कललेले अक्षर होते.

"पान सावकाश. दोन चिकटतात. घाबरू नये, वेळ आहे."

त्याने ते तीनदा वाचले. त्यात कोणाची चूक नव्हती, कोणाचे नाव नव्हते. ज्याने आयुष्यभर सर्वांच्या खुणा पुसल्या त्याने ही एकच मागे ठेवली होती, आणि तीही स्वतःला न लागणारी. कारण बाहेरच्याला पान उलटावे लागत नाही. खाली आणखी काही अक्षरे होती. या खुर्चीवर नंतर बसून गेलेल्यांची, निरनिराळ्या पेन्सिलींची, निरनिराळ्या वळणांची. "खरंच आहे." त्याखाली, "होता, पण मी झोपलो." त्याखाली बाईमाणसाचे टपोरे अक्षर, "पहिला कार्यक्रम. हे वाचून हात थांबला. ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार." त्याखाली चहाचा एक गोल डाग आणि बाण काढून, "हा मी नाही." थोरल्या साहेबांच्या वेळेपासून माणसे येथे येऊन बसत होती, भीत होती, वाचत होती आणि सावरत होती. ज्याच्यामुळे ते लिहिले गेले त्या एकट्याने मात्र ते वाचले नव्हते. त्याला रडू येईल असे वाटले, पण आले हसू. तो डागाकडे पाहून एकटाच, रिकाम्या सभागृहात, खुदकन हसला. हात आजारी नव्हता. हात अडतीस वर्षे याच कोपऱ्याशी येऊन, मालकाने एकदा तरी नीट पान उलटावे म्हणून, तिष्ठत उभा होता. स्टँडवर पेन्सिल होती. त्याने सर्वांच्या खाली लिहिले, "ती दोन पाने मी उलटली होती." वाचून पाहिले. पुसायला काही त्याच्याजवळ नव्हते, हे बरे झाले.

परंतु कागदावर लिहून भागणार नव्हते, हे त्याला समजत होते. सहा वाजता पडद्याआड सर्व वादक जमले, सूर जुळवून झाले, आणि तो चौथऱ्यावर चढला. वास्तविक या वेळी त्याने तेथे यायचे नसते. सर्वजण चकित होऊन पाहू लागले. बाई तेवढ्या आपले ट्रम्पेट पुसत होत्या.

"दोनच मिनिटं," तो म्हणाला. "सकाळी बाई बरोबर होत्या. हात मी दिला होता. आणि नाही म्हणालो ते खोटं होतं."

पडद्यापलीकडे लोक येऊन बसत असल्याची कुजबुज ऐकू येत होती.

"डावा," बाई म्हणाल्या.

"डावा," तो म्हणाला.

"मला तर दिसलाच होता," पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या छातीठोकपणे नाही म्हणालात, सर, मला वाटलं माझाच चष्मा बदलायला झालाय. दुपारी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली."

हशा झाला, पण सकाळच्यासारखा नव्हे. त्यात त्यालाही जागा होती. मागे भिंतीपाशी एक बूट जमिनीवर घासला गेला. मग दुसरा. तो आवाज वाळूवरून पाणी ओढले जावे तसा मागून पुढे आला, आणि त्याने या वेळी बुटांकडे न पाहता माणसांकडे पाहिले. बाईंचा बूट हलला नाही.

"तरी मी मोजणार हं," त्या म्हणाल्या.

"मोजा. मीही मोजीन."

"बघेन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा."

"चालेल," तो म्हणाला. आणि ते त्याला खरोखरच चालणार होते काय, याचा विचार करीत खाली उतरला.

पडदा उघडला. पहिला भाग कसा गेला हे त्याला पुढे कधीच आठवले नाही. मग संथ भाग सुरू झाला. व्हायोलिने चवड्यांवर चालू लागली, आणि ट्रम्पेटवाल्या बाईंनी आपल्या चौसष्ट मापांच्या मौनास प्रारंभ केला. त्याला त्या दिसत होत्या. डोळे खाली, डाव्या हाताची बोटे ट्रम्पेटवर एकामागून एक उठत, टेकत होती. वीस. तीस. त्याला वडिलांची आठवण झाली, पण आज ते शिडीवर होते, मनगट काठीवर टेकलेले, आणि पुढची रेघ ओढण्यापूर्वी ब्रशवरचा जास्तीचा रंग डब्याच्या कडेला निपटीत होते. त्यांना मुळीच घाई नव्हती. पन्नास. साठ. एकसष्ट. आणि बासष्टाव्या मापावर हनुवटी कलली, खांदा उचलला, हात निघाला. त्याने त्याला अडवले नाही, सोडलेही नाही. फक्त सांगितले, सावकाश, वेळ आहे. हात अर्ध्या वाटेत, छातीसमोर, उघडा थांबला. दूर भिंतीपाशी, आतल्या खुर्चीवरील वादकाने व्हायोलिन हनुवटीखाली दाबले आणि तो चिकट कोपरा अलगद सोडवला. एकच पान उलटले गेले. त्रेसष्ट. बाईंचे बोट उठले, टेकले. चौसष्ट. त्यांनी श्वास भरून घेतला, ट्रम्पेट ओठांना लावले, आणि मोजणी पूर्ण झालेली असताना, हिशेब बिनचूक असताना, आता कोणाचीच गरज उरलेली नसताना, त्यांनी डोळे वर उचलून त्याच्याकडे पाहिले.

त्या थांबलेल्या हाताने त्याने पान उलटले, आणि तो सूर आपल्या वेळेवर आत आला.